तारकर्लीला नेण्याच्या कॅमेऱ्याविषयी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी परवा फोनवर विचारले होते की, डिसेंबरात तारकर्लीला जाताना पाण्यात चालणारा, बेताच्या किमतीचा कॅमेरा घ्यावा का, आणि जितक्या जास्त मीटर खोलीपर्यंत तो चालतो तितका तो चांगला समजावा का. तेव्हा घाईत धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कॅमेरा जरूर घ्यावा. गणपतीपुळ्याला आई पहिल्यांदाच कमरेइतक्या पाण्यात हसत उभी राहिली होती, आणि ते फोटो ज्या फोनमध्ये होते तो त्याच संध्याकाळी खाऱ्या पाण्याने बंद पडला. त्या फोटोंची हळहळ मला अजून वाटते. फोनवरची ‘आयपी 68’ ही खूण गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीची असते. समुद्राचे मीठ, वाळू आणि लाटांचा मारा तिच्या हिशेबात धरलेला नसतो. प्लास्टिकच्या पिशवीत फोन घालून नेला तरी पाण्याखाली स्पर्शाचा पडदा बोटांना नीट दाद देत नाही.

आता खोलीविषयी. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका वाढतो, म्हणून खोल बुडी मारणाऱ्यांना तो आकडा महत्त्वाचा असतो. तुम्ही दोघे छातीभर पाण्याच्या पुढे जाणार नाही, आणि आईने हौसेने स्नॉर्केलिंग केले, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहिले, तरी ती लाइफ जॅकेट घालून पृष्ठभागावरच तरंगेल. त्यामुळे दहा मीटरचा कॅमेराही तुम्हाला भरपूर आहे. त्यापुढच्या प्रत्येक मीटरसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

बाबा, त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेरा तुमच्या हातात कसा बसतो. तुमच्या अंगठ्याचा सांधा आखडतो, म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात गेलात तर डोळे मिटून फोटो काढण्याचे बटण सापडते का, ओल्या बोटांनी ते दाबता येते का आणि बॅटरीच्या झाकणाची दुहेरी कडी तुम्हाला स्वतःला उघडता-लावता येते का, हे आधी पाहा. भिंग बाहेर सरकणारे नसावे. भिंग बाहेर न सरकणाऱ्या कॅमेऱ्यात झूमची सगळी हालचाल आतल्या आत होते, म्हणून पाणी शिरायला वाट राहत नाही. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4000 बाय 3000 बिंदूंचा असतो आणि दिवाणखान्यात लावण्याजोगी 13 बाय 10 इंचांची प्रत त्यातून स्वच्छ निघते.

ओएम सिस्टिमचा टीजी-7 या वर्गात सर्वांत सरस आहे: 15 मीटर खोली, एफ 2.0 चे उजळ, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारे भिंग. पण तो महाग आहे आणि चार दिवसांच्या सहलीसाठी तेवढा खर्च तुम्ही करावा असे मला वाटत नाही. रिकोचा डब्ल्यूजी-80 हा 14 मीटरपर्यंत दोन तास चालतो आणि किमतीने मधला आहे. कोडॅकचा पिक्सप्रो डब्ल्यूपीझेड-2 या तिघांत सर्वांत स्वस्त. त्यालाही 15 मीटरची खोली, 16 मेगापिक्सेल आणि चौपट झूम आहे. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात त्याचे फोटो टीजी-7 इतके चांगले येणार नाहीत, पण तुम्ही उन्हात फोटो काढणार आहात. माझी पसंती त्यालाच आहे. अ‍ॅक्शन कॅमेरा (हेल्मेटला वगैरे लावतात तो छोटा कॅमेरा) मात्र घेऊ नका, कारण त्याच्या रुंद भिंगात आईचा चेहरा फारच लहान दिसेल.

पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून फोटो निळसर येतात; त्यासाठी कॅमेऱ्यातला पाण्याखालचा मोड लावा आणि विषय हाताच्या अंतरावर येईल इतके जवळ जा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाण्यातले वाळूचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. कॅमेरा हातातून सुटला तर बुडतो, म्हणून तरंगणारा पट्टा आठवणीने घ्या.

आई, झाकणाची काळजी तू घ्यावीस, कारण तुझी नजर बारीक आहे. झाकणाच्या कडेला रबरी पॅकिंग असते आणि त्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी पाणी आत जाते. किनाऱ्यावर ते अजिबात उघडू नकोस. खोलीवर आल्यावर कॅमेरा बंद झाकणासह गोड्या पाण्यात बुडवून ठेव, म्हणजे मीठ सुटेल. मग कोरड्या सुती फडक्याने पुसून, हात वाळवून झाकण उघड. परत आल्यावर तो गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका. बहुतेक कॅमेरे 40 अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा ती मर्यादा सहज ओलांडतो.

कॅमेरा घरी आला की आधी पॅकिंग तपासा आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून पाहा. भिंगाच्या काचेआड धुके दिसले तर लगेच बदलून घ्या. काही दिसले नाही, तर बाबा, त्याच बादलीतून वर बघत आईचा पहिला फोटो काढा आणि मला पाठवा.

तुमची लेक