साबणाचा एक थेंब

वडोदरा
रविवार, रात्र

प्रिय मंजू,

दिवाळीत तुझा फोन आला होता, मी उचलला नाही. नंतर करते म्हणता म्हणता होळी झाली. रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे, पण पत्र पुरतं वाच. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग दुसरं औषध शोधा, त्यात काय!"

आमच्या तब्येती ठीक. बाबांची साखर वरखाली चालूच.

तर ऐक. बारा नंबर गेला.

तोच गं, आपल्या अठरा इनहिबिटरांपैकी, म्हणजे एन्झाइम अडवणाऱ्या रसायनांपैकी, ज्याचे पेढे आपण वाटले होते. बुधवारी सगळे गेल्यावर मी एकटीने प्लेट लावली. नेहमीचंच, पिष्टाची साखर करणारं एन्झाइम अल्फा-ग्लुकोसिडेज आणि आपला सबस्ट्रेट, एन्झाइमने तोडला की पिवळा होणारा. वरच्या ओळीत बारा नंबर रोजच्यासारखा. खालच्या ओळीत तोच, तेवढाच, फक्त बफरमध्ये ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१००, म्हणजे साबणच. शेवटी सोडिअम कार्बोनेट टाकलं. वरची ओळ पाण्यासारखी राहिली आणि खालची पिवळी झाली. फिकट नाही गं, बारा नंबर अजिबात न घातलेल्या खळग्यांइतकी पिवळीधमक. रंग मोजणाऱ्या रीडरमध्ये ४०५ नॅनोमीटरवरचे आकडेही तेच. ताजं द्रावण करून पुन्हा लावली, परत तेच. काल कायमोट्रिप्सिनवर घालून बघितला, तर तेही बंद. ज्याचा साखरेशी काही संबंध नाही त्या एन्झाइमलाही बारा नंबर धरतो, म्हणजे तो कुणालाच नीट धरत नाही.

तुला आठवतंय ना, कीर्तिस्तंभापाशी सेव-उसळ खाताना तू हेच म्हणाली होतीस? रसायन पाण्यात विरघळलंय असं दिसतं, पण त्याचे बारीक गोळे झालेले असतात, एन्झाइम त्यांना चिकटून बसतं आणि आपण समजतो, किल्ली कुलपात बसली. साबणाचा थेंब घाल, गोळे फुटतील, एन्झाइम सुटेल. दुसऱ्या दिवशी शॉयकेटच्या गटाचा याच गोळ्यांवरचा २००२ चा पेपर छापून माझ्या टेबलावर ठेवलास. आणि मी काय म्हणाले? "तुझं काम पुढे जात नाही म्हणून माझ्यात खोट काढतेस." हे वाक्य मी रोज आठवते. तू उसळीची प्लेट तशीच ठेवून उठलीस आणि मी ती संपवली, इतका राग होता मला.

आता खरी काळजी जिग्नाची आहे. तिचा तिसरा अध्याय पूर्ण बारा नंबरवर उभा आहे. रोज पादऱ्याहून बसने येते, घरी लग्नाचं टुमणं चालू, डिसेंबरात प्रबंध द्यायचा. पेपरही दुरुस्तीला परत आलाय. सर म्हणाले, "परीक्षकांनी साबण विचारलेला नाही, आपण कशाला सांगायचा?" मग नेहमीप्रमाणे कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन शोधणाऱ्या अकिरा एंडोंची गोष्ट. सहा हजारांच्या आसपास बुरशा तपासल्या, १९७३ मध्ये कॉम्पॅक्टिन मिळालं, उंदरांवर काही केल्या कोलेस्टेरॉल उतरेना, मग कोंबड्यांवर उतरलं. "तेव्हा हार मानली असती तर स्टॅटिन आली असती का?" मंजू, मला ही गोष्ट आवडते, पण या कामाला ती लावता येत नाही. एंडोंचं रसायन एन्झाइमला खरोखर धरत होतं, चुकला होता तो प्राणी. आपलं रसायनच धरत नाही.

आणि दुसरं. पेपरात आपण "अकार्बोजपेक्षा कित्येक पटींनी प्रभावी" असं लिहिलंय. एन्झाइम यीस्टचं, आणि यीस्टच्या एन्झाइमवर अकार्बोज मुळातच फारसं चालत नाही! त्याला तिथे हरवण्यात काय मोठेपणा? बाबा तीच गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतात. ती आतड्यातल्या एन्झाइमला धरते, पिष्टाची साखर सावकाश होते, न पचलेलं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, म्हणून रात्रभर पोट फुगल्याची तक्रार. बाबांसाठी पोट न फुगवणारं काहीतरी काढायचं, एवढ्याच हट्टाने मी या एन्झाइमकडे वळले होते, हे तुला माहीत आहे. कॅन्टीनच्या मावशींच्या चहात साखर कमी पडली की तू म्हणायचीस, "मावशींनी इनहिबिटर टाकला!" परवा मावशींनी तुझी चौकशी केली.

शुक्रवारी जिग्नाला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती दोन मिनिटं प्लेटकडे बघत राहिली, मग वही काढून तारीख घातली आणि विचारलं, "मॅडम, बाकीचे सतरा पण ट्रायटनमध्ये लावू?" उद्यापासून लावतोय, या वेळी यीस्टबरोबर उंदराच्या आतड्याचं एन्झाइमही. डिसेंबरचं काय, तिला मुदतवाढ कशी मिळवून द्यायची, काही सुचत नाही. तुझ्या वेळी अर्ज कसा केला होतास ते कळव.

ओंकारची बारावीची परीक्षा संपली का? नाशिकला पाणी नीट येतं का आता? सासूबाईंना नमस्कार सांग.

एक राहिलं, आणि तेच लिहायला हात धजत नव्हता. गुरुवारी रीडरच्या कॉम्प्युटरवर जुनी आकडेवारी शोधताना तुझ्या आद्याक्षरांची फाइल सापडली. तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यातली. वरची ओळ ०.०६, खालची ०.८. तू तेव्हाच लावून बघितलं होतंस, आणि मला न सांगता गेलीस. मी ऐकलं नसतं, हे तुला ठाऊक होतं.

मंगळवारी मी दोन्ही प्लेटा सरांपुढे ठेवणार आहे, माझीही आणि तुझीही. तुझी ठेवू का? तू हो म्हणाल्याशिवाय ठेवणार नाही. सोमवारी रात्री दहानंतर फोन कर, या वेळी नक्की उचलते.

तुझी,
सुमा