कागद कोणकोणते लागतात ते एकदाच सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा गुढीपाडव्याला आम्ही डोंबिवलीतल्या आईच्या फ्लॅटचा विसार घेतला. आता दिवाळी होऊन गेली तरी रजिस्ट्रेशन झालेलं नाहीये. घेणारी पार्टी मागे हटलेली नाही, आम्ही भाव वाढवून मागितलेला नाही, आमच्या भावंडांत वाद नाही, कोर्टात केस नाही. दोन्हीकडच्या लोकांना व्यवहार हवाय आणि तरी सात महिने तो होत नाहीये. एजंटने पहिल्या दिवशी ४५ दिवस सांगितले होते आणि तो खोटं बोलला असं मला वाटत नाही, त्यालाही माहीत नव्हतं.

फ्लॅट म्हणजे वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडिलांनी १९८६ साली बिल्डरकडून घेतला. वडील २०२१ मध्ये गेले. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, खाली उतरायचं म्हणजे मी एका बाजूला आणि शेजारचा मुलगा दुसऱ्या बाजूला, म्हणून हा विकून बदलापूरला तळमजल्यावर घ्यायचा असं ठरलं होतं. तसा एक बघूनही ठेवला होता, पुढे चिकूचं झाड, आईला फार आवडला होता. तो मालक जूनपर्यंत थांबला, मग त्याने दुसऱ्याला दिला आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही त्याच्या पुढच्या घराचे पैसे भरायचे होते. एक व्यवहार अडला की त्याच्या मागचे दोन-तीन असे अडतात, हे कुणी मोजतच नाही.

आता काय काय झालं ते सांगते. घेणारं जोडपं तरुण आहे, दोघं नोकरी करतात, लोन घेऊनच घर घेणार. त्यांनी बँकेत फाइल दिली, फाइल बँकेच्या पॅनेलवरच्या, म्हणजे कागद तपासायला बँकेने नेमलेल्या, वकिलाकडे गेली. दहा दिवसांनी क्वेरी आली की वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं अ‍ॅफिडेव्हिट द्या. दिलं. परत दहा-बारा दिवस. मग क्वेरी आली सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, द्या. दिली (त्याची वेगळी कथा, पुढे सांगते). मग क्वेरी आली की शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून आईचं नाव असलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, भावाचं आणि माझं हक्कसोड पत्र रजिस्टर करून आणा. हे कायद्याने बरोबरच आहे, आमचं काही म्हणणं नाही. आणि दोन महिने उलटून गेल्यावर चौथी क्वेरी आली की १९८६ चं मूळ अ‍ॅग्रीमेंट दहा रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर आहे आणि रजिस्टर झालेलं नाही, ते आधी नियमित करा, तोवर लोन मिळणार नाही.

संपादक साहेब, ते अ‍ॅग्रीमेंट फाइलमधला सगळ्यात पहिला कागद होता! मी स्वतः लावला होता. वडिलांच्या ट्रंकेतून काढला तेव्हा टाचणीचा गंज कागदावर उतरला होता, वरच्या कोपऱ्यात दहा रुपयांचा स्टॅम्प ढळढळीत दिसतोय, रजिस्ट्रेशनचा शिक्का कुठेच नाही. फाइल उघडली की पहिलं तेच दिसतं. मग ते शेवटी का सांगितलं? मी विचारलं तर बँकेतला मुलगा म्हणाला, मॅडम वकील एकेक पॉइंट क्लिअर करत जातात. तो बिचारा चांगला वागला, पण ही पद्धत कुणाच्या सोयीची आहे ते मला कळलं नाही.

ही अडचण आमच्या एकट्याची नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. डिसेंबर १९८५ मध्ये महाराष्ट्रात मुद्रांक कायदा बदलला आणि फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवरच खरेदीखतासारखी पूर्ण स्टॅम्प ड्युटी लागायला लागली. वडिलांचं अ‍ॅग्रीमेंट मार्च १९८६ चं, म्हणजे कायदा बदलून जेमतेम तीन महिने झालेले. तेव्हा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार, बिल्डरने दहाच्या स्टॅम्पवर सही घेतली, चावी दिली, सगळ्या बिल्डिंगचं तसंच झालं. खरं तर फ्लॅट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा मोफा कायदा १९६३ पासून आहे आणि त्याप्रमाणे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करणं बिल्डरवर बंधनकारक होतं. ऐंशीच्या दशकात बांधलेल्या डोंबिवली, कल्याण, ठाण्यातल्या जुन्या बिल्डिंगांत असे कागद घरोघरी ट्रंकेत पडून आहेत आणि घर विकायची वेळ येईपर्यंत कुणाला पत्ता नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने स्टॅम्प ड्युटीची अभय योजना आणली होती, १९८० पासूनच्या जुन्या कागदांना माफी आणि सवलत होती, ती २०२४ मध्ये संपली. आम्हाला त्या वेळी कळलंच नाही. आता कमी भरलेल्या ड्युटीवर महिन्याला दोन टक्के दंड, जास्तीत जास्त चौपट. आम्ही भरला. पैसे भरायला एक दिवस लागला, पण किती भरायचे ते ठरवून घ्यायला, म्हणजे ज्याला अ‍ॅडज्युडिकेशन म्हणतात, त्यात पाच आठवडे गेले.

त्यानंतर ते जुनं अ‍ॅग्रीमेंट मान्य आहे असं कन्फर्मेशन डीड बिल्डरच्या सहीने रजिस्टर करायचं होतं. बिल्डरची फर्म कधीच बंद झालेली, दोनपैकी एक पार्टनर वारलेले. दुसऱ्यांचा पत्ता शोधून काढला, वय ऐंशीच्या पुढे, मला वाटलं हे कशाला येतील. तर ते स्वतः रिक्षाने आले, म्हणाले माझ्याच हातून राहिलेलं काम आहे, एक पैसा घेतला नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण बिल्डर म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो.

त्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसमध्ये डाटा एन्ट्री झालेली, चलन भरलेलं, टोकन घेतलेलं, साक्षीदार आलेले, आणि आईचा अंगठा मशीनवर उठेना. चाळीस-पन्नास वर्षं धुणीभांडी करून बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. एकदा, दोनदा, चार वेळा. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं आता आपल्यामुळे सगळं अडलं. तिथली एक मुलगी उठली, स्वतःच्या पर्समधली व्हॅसलीनची डबी काढली, आईच्या बोटाला लावून रुमालाने पुसलं, दोन मिनिटं बोट हातात धरून बसली आणि मग ठेवलं, तेव्हा उठला. मी त्या मुलीला विसरणार नाही. पण तेवढ्यात सर्व्हर गेला. साडेअकराला गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही, ऐंशी वर्षांचे बिल्डर आणि शहात्तर वर्षांची आई प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून. दुसऱ्या दिवशी परत सगळ्यांना गोळा करून आणलं.

हक्कसोड पत्राचं तर याहून वाईट झालं. भाऊ मस्कतला असतो. गणपतीला बारा दिवसांची सुट्टी काढून आला, ठरवलं होतं की त्यात काम उरकून घ्यायचं. चतुर्थीची सुट्टी, शनिवार-रविवार, विसर्जन, मधे दोन दिवस सर्व्हर बंद, आणि शेवटच्या दिवशी कळलं की बँकेच्या वकिलाला हक्कसोड पत्राच्या मसुद्यात एक ओळ बदलून हवीये. हाच मसुदा त्यांना तीन आठवडे आधी ईमेल केला होता!! भाऊ गेला परत. मग तिकडे वकिलातीत जाऊन माझ्या नावाचं मुखत्यारपत्र केलं, ते कुरिअरने आलं, ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प करून घ्यावं लागतं. आता त्याच्यावर काम चालू आहे.

आता सोसायटीच्या एनओसीचं. सोसायट्यांच्या कारभारासाठीच्या आदर्श उपविधींमधला ३८ नंबरचा नियम वाचा, त्यात सरळ लिहिलंय की फ्लॅट ट्रान्स्फर करायला सोसायटीच्या एनओसीची गरज नाही, कुणी मागितलीच तर कमिटीने महिन्याभरात विचार करावा. पण बँक एनओसीशिवाय पुढे जात नाही, आणि सोसायटीला बँकेच्याच फॉर्मॅटमध्ये द्यायची नसते कारण त्यात टायटलची, म्हणजे मालकीची, हमी लिहिलेली असते. आमचे सेक्रेटरी नोकरी करून हे काम बघतात, त्यांना कुणी पगार देत नाही, रात्री नऊनंतर भेटायचं. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, आम्ही अर्ज दिला त्याच्या आदल्या रविवारी झालेली. बँकेच्या वकिलाने दोन शब्द बदलायला सांगितले, परत पुढची मीटिंग. अशी एका कागदाला सात आठवडे.

आणि घेणारे विचारतात, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रिडेव्हलपमेंट होईल का? सोसायटी १९८८ ला रजिस्टर झाली, नियमाप्रमाणे चार महिन्यांत जमीन सोसायटीच्या नावावर व्हायला हवी होती. सदतीस वर्षं झाली. २००८ च्या दुरुस्तीने बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली, सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यातच आहे, पण अर्ज करायला मूळ कागद लागतात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांची अ‍ॅग्रीमेंटं आमच्यासारखीच. त्यावर वेगळं पत्र होईल.

या सगळ्यात त्या जोडप्याचं काय झालं ते सांगायलाच हवं. त्यांच्या लोन सँक्शनची मुदत संपली, परत प्रोसेसिंग फी भरून नवीन घेतलं. भाड्याच्या घराचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं, परत ब्रोकरेज देऊन नवीन केलं. मुलाला आमच्या घराजवळच्या शाळेत घातलंय, रोज त्याची आई त्याला कल्याणहून लोकलने घेऊन येते. दोघांनी एकदाही आमच्यावर आवाज चढवला नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझी मागणी एकच आहे. कुठलेही नियम शिथिल करा, कागद कमी मागा, असं मी म्हणत नाही. फसवणूक होते, एकच फ्लॅट दोघांना विकतात, तपासणी कडकच हवी. पण फाइल हातात आली की वकिलाने ती एकदा पूर्ण वाचावी आणि जे जे लागणार आहे ते सगळं एका कागदावर, एकाच वेळी, सहीनिशी द्यावं. नंतर नवीन क्वेरी काढायची असेल तर आधी का दिसलं नाही ते लिहून द्यावं. आम्हाला एप्रिलमध्ये चारही गोष्टी एकदम सांगितल्या असत्या तर एकीकडे अ‍ॅडज्युडिकेशन, एकीकडे एनओसी, एकीकडे भावाचं मुखत्यारपत्र असं एकदमच चालू केलं असतं. जूनपर्यंत सगळं झालं असतं, चिकूच्या झाडाचं घरही मिळालं असतं.

हे होऊ शकत नाही असं कुणी सांगू नये. लोन फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, नाही दिले तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा नियम रिझर्व्ह बँकेने केलाय, १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. मग कागद परत द्यायला मुदत आणि दंड लावता येतो तर तपासायला का लावता येत नाही? सरकारी ऑफिसांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, पण बँकेचा वकील आणि सोसायटी त्याच्या बाहेर राहतात आणि घराच्या व्यवहारात अर्धा वेळ तिथेच जातो. सर्व्हर बंद पडला तर वयस्कर माणसांना दुसऱ्या दिवशी पहिला नंबर द्या, एवढं तरी ऑफिस पातळीवर उद्यापासून करता येईल, त्याला जीआर कशाला हवा.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या आईवडिलांचं घर १९८५-९० च्या सुमारचं असेल तर ते अ‍ॅग्रीमेंट या रविवारी काढून बघा. स्टॅम्प किती रुपयांचा आहे, मागे रजिस्ट्रेशनचा शिक्का आणि नंबर आहे का, पावती आहे का. नसेल तर आईवडील सही करू शकतात तोवरच ते काम करून घ्या, आणि बिल्डर हयात असेल तर आजच त्यांना फोन करा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व