मनू, हिरड्या दाखवून घे

नौपाडा, ठाणे

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू आमच्याकडे दात घासलेस, तेव्हा बेसिनमधली चूळ गुलाबी दिसली. "गरोदरपणात येतंच गं रक्त," म्हणालीस आणि नळ सोडलास. येतं, खरं आहे. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलं की हिरड्या सुजतात. पण म्हणून तसंच सोडायचं नसतं.

सुजलेली हिरडी दातापासून सुटते. त्या फटीत जंतू साठतात आणि हर्पिसच्या कुळातले विषाणूही सापडतात: ओठावर पुळ्या आणणारा, सायटोमेगॅलो, एपस्टाइन-बार. फ्युसोबॅक्टेरियम नावाचा तोंडातला जंतू तर दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या बायकांच्या गर्भजलात मिळालाय. अशा संसर्गाशी झगडताना शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार करतं, आणि कळा आणतं तेही तेच. ३७ आठवड्यांआधीच्या बाळंतपणाशी तोंडाचा संबंध जोडतात तो इथे. विषाणूंचा वाटा मात्र अजून सिद्ध झालेला नाही.

आणि खरं तेच सांगते. २००६ साली अमेरिकेतल्या ८२३ गरोदर बायकांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. स्केलिंगने, म्हणजे दातांवरचा थर खरवडून काढल्याने, हिरड्या सुधारल्या, लवकर होणारी बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. तेव्हा दात साफ केले की काळजी मिटली, असं मी म्हणणार नाही. पण उपचाराने बाळाला अपाय होत नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. तुला पाचवा लागलाय. पुढे पोट वाढल्यावर त्या खुर्चीत आडवं पडून राहणं जड जातं.

दुसरं अर्णवचं. त्याचा उष्टा वरणभात तू त्याच्याच चमच्याने संपवतेस. सायटोमेगॅलो लहान मुलांच्या लाळेत, लघवीत महिनोन्महिने असतो, आणि मूल हसतंखेळतं असतं. आपल्याकडे बहुतेकींना तो लहानपणीच होऊन जातो, तरी पुन्हा लागू शकतो. पोटातल्या बाळापर्यंत पोचला तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. अन्न टाकताना तुझा जीव तुटतो, मला माहीत आहे. बाळ होईपर्यंत जाऊ दे वाया. पापा कपाळाचा घे, डायपर बदलला की साबणाने हात धू.

जावईबापूंच्या ओठावर अधूनमधून पुळ्या उठतात. तसं असेल तेव्हा बाळाचा पापा अजिबात नको, नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. तुला अवघड वाटत असेल तर मी बोलते त्यांच्याशी.

डेंटिस्टची वेळ घे, कितवा महिना ते फोनवरच सांग, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ने. मी वाशी लोकलने ऐरोलीला येते, अर्णव माझ्याजवळ राहील.

तुझी आई