ग्रेफ्रायर्समध्ये कुत्र्यापलीकडेही काहीतरी आहे

मा. संपादक, स.न.

रविवारच्या पुरवणीतला एडिनबरा सहलीचा लेख वाचला. छान आहे, पण ग्रेफ्रायर्स, म्हणजे तिथलं जुनं चर्च नि दफनभूमी, म्हटलं की बॉबी ह्या प्रसिद्ध कुत्र्याचा पुतळा आणि त्याच्यासोबत फोटो, एवढ्यावरच उरकलंय. मी मुलीकडे गेलो होतो तेव्हा आमच्या गाईडनेही तेच केलं, आधी कुत्रा नि मग भुतांच्या गोष्टी. अहो त्याच आवारात फेब्रुवारी १६३८ मध्ये नॅशनल कव्हेनंटवर, म्हणजे राजाने धर्मात ढवळाढवळ करू नये ह्या स्कॉटिश लोकांच्या प्रतिज्ञापत्रावर, सह्या झाल्या! राजा पहिला चार्ल्स म्हणत होता मी देईन त्याच पुस्तकातून प्रार्थना करा, आणि ह्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या, लोकांचं म्हणणं एवढंच की गादी तुमची, पण चर्च तुमचं नाही.

पुढे दुसऱ्या चार्ल्सने १६६२ मध्ये बिशप परत आणले, ते न मानणारे अडीचशेच्या वर पाद्री घरादारासकट बाहेर पडले, मग माळावर सभा सुरू झाल्या, १६७० नंतर तर तिथे प्रवचन केलं की सरळ देहदंड. अलेक्झांडर पीडन हा पाद्री ओळखू येऊ नये म्हणून मुखवटा चढवून हिंडायचा. तो मुखवटा तिथल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, चामड्याचा, खोटे दात बसवलेला, वर केसांचा टोप. खरं सांगतो, बघून आधी हसूच आलं, गर्दीत हाच पहिला दिसला असता की!

१६७९ ला सरकारी फौजेशी बॉथवेल ब्रिजच्या लढाईत हरलेले ह्याच पंथातले हजारभर कैदी ह्याच ग्रेफ्रायर्सला महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवले होते. त्यातले शेवटी उरलेले अडीचशेक जहाजात कोंबून अमेरिकेकडे काढले, डिसेंबरात ऑर्कनीजवळ जहाज फुटलं, कैदी खाली कोंडलेले, त्यामुळे पन्नासेकच वाचले.

आता हे सगळे साधुसंत होते असं नाही हां, जोर होता तेव्हा १६४३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटशी केलेल्या करारात इंग्लंडवरही आपलीच पद्धत लादायला हेच निघाले होते. पण तेही लिहा ना.

आणि हे आपल्याला अगदीच परकं नाही. मुंबईच्या विल्सन कॉलेजवाले मिशनरी जॉन विल्सन ह्याच परंपरेतले, जमीनदाराने नेमलेला पाद्री गावाने का घ्यायचा ह्या वादात १८४३ ला साडेचारशेच्या आसपास पाद्री स्कॉटलंडचं सरकारमान्य चर्च सोडून गेले तेव्हा विल्सनही त्यांच्याच बाजूला गेले.

कैद्यांच्या त्या भागाला एरवी कुलूप असतं, पण गजांतून आत दिसतं, कुत्र्याच्या पुतळ्यापासून चालत पाचेक मिनिटं.

– एक वाचक, पुणे