शेजाऱ्यांना कांदा द्यायचा तर करार करून द्या

महोदय,

शेजारी देशांना भारत करत असलेल्या मदतीची चर्चा होते तेव्हा ती पतपुरवठा, बंदरे आणि रेल्वेमार्ग यांच्यापुढे सहसा सरकत नाही. बांगलादेशाला २०१० पासून तीन टप्प्यांत जाहीर झालेले सवलतीचे कर्ज सात अब्ज डॉलरच्या वर जाते, आणि २०२२ च्या संकटात श्रीलंकेला सुमारे चार अब्ज डॉलरचा हात दिला गेला. हे योग्यच झाले. मात्र ढाक्यातील सामान्य गिऱ्हाईक भारताची पत ज्या जिनसावरून जोखते, त्या कांद्याबाबत दिल्लीचे वागणे अगदीच बेभरवशाचे राहिले आहे.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी कांदा निर्यात एकाएकी बंद झाली. त्याच आठवड्यात तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितले आहे, असे त्या उद्योजकांसमोर हसत हसत म्हणाल्या. निदान आधी कळवत तरी जा, ही त्यामागची विनंती मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. ती नेली गेली, कारण १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा तेच घडले आणि पेट्रापोलसारख्या सीमानाक्यांवर भरलेले ट्रक उभ्या उभ्या सडू लागल्यावर २५ हजार टनांपुरती वाट मोकळी करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा बंदी आली. त्यानंतर काही महिन्यांनी बांगलादेशाला ५० हजार टन कांदा 'विशेष बाब' म्हणून मंजूर झाला. जो माल हा देश एरवी रोख पैसे मोजून घेतो, तोच आधी अडवून मग मेहेरबानी म्हणून सोडण्यात कोणती मुत्सद्देगिरी साधली, हे समजत नाही.

त्या डिसेंबरात इकडे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. बंदी आली ती लाल कांद्याच्या ऐन आवकेत. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने धरून ठेवता येतो. लाल कांद्याला ती सोय नाही, काढला की आठ-पंधरा दिवसांत त्याला मोड फुटू लागतात, म्हणून मिळेल त्या भावाने तो विकावाच लागतो. आदेश निघताच नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. परराष्ट्र धोरणाचा खर्च परराष्ट्र खात्याच्या अंदाजपत्रकातून व्हावा. तो शेतकऱ्याच्या खळ्यावरून वसूल होणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

याला पर्याय सरकारच्याच दप्तरात आहे. मालदीवशी १९८१ पासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार तांदूळ, साखर, अंडी, बटाटे, कांदे (आणि नदीची वाळूसुद्धा) दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात पाठवली जाते, देशात बंदी असो वा नसो. माले येथे 'इंडिया आउट'च्या घोषणा देत सत्तेवर आलेले सरकार भारतीय सैनिकांना माघारी धाडत असतानाही, २०२४-२५ साठी हा कोटा वाढवण्यात आला आणि त्यात ३५ हजार टनांहून अधिक कांदा होता. रुसलेल्या मालदीवशी जे शहाणपण दाखवता आले, ते बांगलादेशाशी मैत्री ऐन भरात असताना का दाखवता आले नाही? सप्टेंबर २०२२ च्या संयुक्त निवेदनात ढाक्याने तांदूळ, गहू, साखर, कांदा यांच्या खात्रीशीर पुरवठ्याची मागणी नोंदवलेलीच होती.

आता तेथील सरकार बदलले आहे आणि संबंधांत ताणही आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हा विषय कागदावर आणावा. असा करार एकतर्फी नसेल. बांगलादेशही आपल्या शेतकऱ्याचा माल निघताना आयात परवाने रोखतो, जसे त्याने २०२३ च्या मार्चपासून जूनपर्यंत रोखले होते. त्या काळाची पूर्वसूचना त्यानेही देणे बंधनकारक असावे. वर्षाला अडीच-तीन कोटी टन कांदा पिकवणाऱ्या देशाला लाखभर टनांची हमी जड नाही. त्या कोट्याची खरेदी मात्र एकाच सरकारी संस्थेने ठरवलेल्या भावाने न होता लासलगाव, पिंपळगाव येथील खुल्या लिलावातून व्हावी, आणि कोट्याचा आकडा रांगडा म्हणजे उशिराच्या खरिपाची रोपे टाकण्यापूर्वी जाहीर व्हावा.

– एक कांदा उत्पादक, नाशिक