ताईस पत्र : साइट हातात घेण्यापूर्वी

बार्शी

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या महिन्यापासून साइट तू बघणार. पुण्याच्या टॉवरवर काम केल्यावर आपल्याकडचा दुमजली बंगला तुला किरकोळ वाटेल. पण तिथे काँक्रीट प्लँटमधून तयार होऊन येतं, ताकद तपासायला त्याचे क्यूब (ठोकळे) फोडायला एक माणूस, स्टील तपासायला दुसरा, सेफ्टीला तिसरा. इथे हे सगळे तूच. म्हणून जे काम पुढे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी स्वतः वाकून बघायचं. उघडं काम मालक रोज बघतोच, येणारा-जाणारा पाहुणाही बघतो.

सुरुवात काळ्या मातीपासून. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात. पाया तिच्यातच राहिला तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात, आणि मग कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी त्या परत दिसतात. खड्डा कडक मुरमापर्यंत न्यायचाच. आठ-दहा फुटांवरही मुरूम लागला नाही तर आपण अंदाज बांधायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून पाइल (खोल जाणारा काँक्रीटचा खांब) घ्यायची की आणखी काही, ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं. प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम पाच फुटांवर आणि दुसऱ्यात नऊ फुटांवर असं नेहमीच होतं, तेव्हा प्रत्येक खड्ड्यात उतरून पहार मारून बघ.

खोदलेली माती जोत्यात परत भरायची नाही. मालक म्हणेल, "इथलीच माती आहे, वाहतूक कशाला?" ऐकू नकोस. जोत्यात मुरूमच, सहा-सहा इंचांचा थर, पाणी आणि धुमस. तीन फूट मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडलं की वरून घट्ट दिसतं, आतून पोकळ राहतं, आणि वर्षभरात फरशी खाली बसते. घराभोवती अडीच-तीन फुटांची फरसबंदी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करायची आणि शोषखड्डा पायापासून लांब घ्यायचा. पायाशी पाणी मुरलं नाही तर निम्मी भांडणं मिटतात.

आता काँक्रीट. तुला एम-२० या दर्जाच्या काँक्रीटचं डिझाइन पाठ असेल, पण इथे बिगारी घमेल्याने माल टाकतो. सकाळी घमेलं शिगोशिग, दुपारी अर्धं. म्हणून मापाची लोखंडी पेटी, म्हणजे फर्मा ठेवायचा, आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर. तो बरोबर ३५ लिटरचा, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीतल्या सिमेंटएवढा. एका गोणीला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. वाळू ओलसर असेल तर ती मापात फुगते, वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, आणि तेवढीच ती कमी पडते. ओलसर वाळू थोडी जास्त घ्यायची आणि पाणी तेवढं कमी करायचं. पाणी गोणीला २५ लिटरच्या वर नाही, वाळूतलं धरून. मिक्सरवाल्याला पातळ माल आवडतो कारण तो सरकतो. पाणी वाढवलं की ताकद जाते, खडी खाली बसते आणि स्लॅबच्या अंगावर बारीक चिरा येतात. पाण्याची बादली मोजून भरणारा एक माणूस तिथे उभा कर आणि त्याला दिवसभर दुसरं काम सांगू नकोस.

साठा काढताना हिशोब असा: हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सव्वाचार ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत-बाहेर काँक्रीट, गोण्या साधारण ९५. बीमचं वेगळं. लागतील त्यापेक्षा दहा गोण्या जास्त ठेव, स्लॅब मध्येच थांबला तर तो सांधा पुढे गळतो. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहापेक्षा जास्त थप्पी नाही. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला लावायची नाही.

गॅलरीचं स्टील ही मला सगळ्यात जास्त भीती वाटणारी जागा. गॅलरी भिंतीतून बाहेर लोंबते, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. फिटर (सळई बांधणारा) ती बरोबर बांधतो, पण स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि ती दबून तळाला जाते. काँक्रीट पडल्यावर कोणाला काही दिसत नाही. टेकू काढले की गॅलरीच्या मुळाशी वरच्या बाजूने सरळ चीर येते, आणि कधी त्या चिरेवरच सगळं खाली येतं. उपाय स्वस्त आहे. १० मिलिमीटर सळईच्या खुर्च्या करून फूट-दोन फुटांवर बसव, चालायला वेगळी फळी टाक, आणि गॅलरी भरताना सळई वर आहे का ते हात घालून बघ. टेकू काढताना टोकाकडून भिंतीकडे यायचं, उलट कधीच नाही.

बाकी स्टीलचं तुला माहीत आहेच. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फूटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५०. खाली खडीचा तुकडा सरकवून भागवू देऊ नकोस, सिमेंटचे ठोकळे आधी टाकून पाण्यात ठेवायला सांग. कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात न ठेवता १३५ अंशात आत वळवून घे. किल्लारीचा भूकंप १९९३चा, आणि तिथून आपण काही फार लांब नाही. फिटरला ते वळण कंटाळवाणं वाटतं. सळईचं वजन करताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र वापर, म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम. बिलातलं वजन आणि हे जुळत नसेल तर गाडी उतरवण्याआधी बोल, नंतर बोलून उपयोग नाही.

टेकूंबद्दल: कोडमध्ये १५ फुटांपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस आणि २० फुटांच्या आतल्या बीमला १४ दिवस आहेत, पण ते साध्या सिमेंटचं. आपल्याकडे बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) येतं आणि ते सावकाश पकडतं, म्हणून तू दहा आणि एकवीस धर. सेंट्रिंगवाला प्लेटा दुसऱ्या साइटला न्यायची घाई करतो, त्याला भाडं चढवून दे, पण टेकू हलवू देऊ नकोस. पाणी दहा दिवस तरी, स्लॅबवर आळी करून उभं.

बाथरूम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून दोन दिवस ठेव, खालून बघ, मगच फरशी. फरशी झाल्यावर गळती निघाली तर फरशीही गेली. काँक्रीट आणि विटेच्या सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मार. एवढं पुरे.

माणसांचं. दसऱ्यानंतर ओळखीचे निम्मे लोक ऊसतोडीला जातात आणि बिहारची टोळी छठला गावी. तो काळ आधीच धरून कामाचं वेळापत्रक लाव, नाहीतर गिलावा अर्धवट टाकून तू फोन लावत बसशील. उचल वहीत लिहायची, सही किंवा अंगठा घेऊन. मजुरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून दे, वय १८ ते ६० आणि वर्षभरात ९० दिवस कामाचा दाखला लागतो, तो आपणच द्यायचा असतो. मिक्सरच्या वायरला ईएलसीबी (शॉक बसू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरू करायचा नाही. मिस्त्रीची चूक मालकासमोर काढू नकोस. बाजूला घेऊन सांग, तो ऐकतो. तू बाई म्हणून सुरुवातीला तो मुद्दाम दोनदा विचारेल. फुटपट्टी हातात ठेवली की तिसऱ्यांदा विचारत नाही.

पैशांचं मात्र मनावर घे. प्रत्येक साइटचं खातं वेगळं. या मालकाच्या हप्त्यातून त्या मालकाची खडी आणायची नाही. गावातले बहुतेक बिल्डर कामात नाही, यातच बुडतात: शेवटच्या साइटला पैसे उरत नाहीत आणि घरावर कर्ज चढतं. करारात दर चौरस फुटाला कशाचा, गॅलरी आणि जिन्याची खोली मोजायची का, पाण्याची टाकी आणि कंपाउंड वॉल धरली का, स्टीलचा भाव किती वाढला तर फरक कोणाचा, हे आधीच लिही. नातेवाइकांच्या कामाला तर आधी लिही. मामाच्या बंगल्याचा करार केला नाही तर पुढच्या लग्नात तुम्ही दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसाल.

घरखर्चाला दर महिन्याला एक ठरलेली रक्कम उचल, पगारासारखी. आईचे दागिने साइटसाठी गहाण टाकायचे नाहीत, तिने स्वतःहून म्हटलं तरीही. पहिल्या पावसात गळतीचा फोन आला तर त्याच आठवड्यात माणूस पाठव. आठपर्यंत फ्लॅट किंवा ५०० चौरस मीटरपर्यंत प्लॉट असेल तर रेराची (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याची) नोंदणी लागत नाही, पण दोष निघाल्यास पाच वर्षं दुरुस्ती करून द्यायचा त्यातला नियम आपण तसाच धरायचा.

रात्री नऊनंतर मालकांचे फोन उचलू नकोस. सकाळी सातला उचल.

तुझे,
अप्पा

ता. क. : सोमवारी येणाऱ्या ट्रॉलीतली वाळू मोजताना मध्यावरची शीग धरू नकोस, आतली लांबी × रुंदी × कडेची उंची फुटांत घे आणि १०० ने भाग. तेवढी ब्रास. मूठभर वाळू बरणीत घालून पाण्यात हलव, तासाभराने वर मातीचा थर जाडसर दिसला तर ट्रॉली परत पाठव.