सीलबंद पिशवीतली चूक ग्राहकाची कशी?

पुणे,
दिनांक २४ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
(मॉडेल किट आयात व विक्री विभाग)

विषय: ‘सी हॉक’ या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाच्या १/४८ (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या मापाच्या) मॉडेल किटमध्ये एक फ्रेम (सुटे भाग जोडलेली चौकट) नसणे, कॅनॉपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) तडकलेली व डिकल शीट (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या खुणांचा कागद) खराब असणे, आणि किट बदलून देण्यास आपण दिलेला नकार.

महोदय,

११ ऑगस्टला मी आपल्या संकेतस्थळावरून वरील किट मागवले. किटचे ५,२०० रुपये आणि कुरिअरचे १५० रुपये आगाऊ भरले. १९ ऑगस्टला खोके घरी आले. त्याच रात्री ते उघडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोंसह आपल्याकडे तक्रार नोंदवली. त्याला आता महिना उलटून गेला आहे. फोन आणि ईमेल करून झाले, म्हणून आता हे पत्र पोस्टाने पाठवत आहे.

आधी खोक्यात काय निघाले ते सांगतो. माहितीपत्रकाप्रमाणे ए, बी, सी अशा तीन करड्या फ्रेम आणि एक पारदर्शक फ्रेम हवी. ए ठीक आहे. बी दोन निघाल्या. सी नाहीच. कारखान्यात पिशव्या भरताना सीच्या जागी दुसरी बी गेली, हे उघड आहे. कॉकपिटची सीट, उपकरणांचे पॅनल, चाके आणि चाकांचे पाय सगळे सी फ्रेमवर आहे. पारदर्शक फ्रेमवरच्या कॅनॉपीला डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर जाणारी चीर आहे. साध्या डोळ्यांना ती केसासारखी दिसते, पण दिव्यासमोर धरून भिंगातून पाहिले की आरपार गेलेली कळते. पॉलिश करून जाणारा हा ओरखडा नव्हे.

डिकल शीटवर भारतीय नौदलाच्या खुणा आहेत, आणि त्यांच्यासाठीच मी हे किट निवडले होते. हिरवे कडे, पांढरे कडे आणि मधे केशरी ठिपका अशी आपली गोल खूण असते. या शीटवर सहाही खुणांमधला केशरी ठिपका एका बाजूला सरकून हिरव्याला टेकला आहे. स्टीलच्या पट्टीने मोजले तर चूक साधारण १ मिलिमीटरची आहे. १/४८ च्या हिशेबाने खऱ्या विमानावर ती जवळजवळ ५ सेंटिमीटर होते. अशी खूण खऱ्या विमानावर कुणी रंगवू दिली असती का? शिवाय शीट जुनी, पिवळी पडलेली आहे. मला न लागणारी एक ब्रिटिश खूण कापून बशीतल्या कोमट पाण्यात टाकून पाहिली. अर्ध्या मिनिटाने कुंचल्याने सरकवायला गेलो तर दुधावरची साय फाटावी तशी तिची चाळण झाली. संपूर्ण किटमध्ये मी वापरलेली वस्तू एवढी एकच. तिचाही फोटो सोबत आहे.

आपले पहिले उत्तर पाचव्या दिवशी आले: “सील उघडलेले किट परत घेतले जात नाही. खोके उघडतानाचा व्हिडिओ असल्यास पाठवावा.” व्हिडिओ मी काढला नव्हता. पण मला सांगा, खोके न उघडता फ्रेम मोजायच्या कशा? कॅनॉपी तडकली आहे हे बाहेरच्या चित्रावरून कळणार होते का? मॉडेल किटमधला दोष खोके उघडल्याशिवाय दिसतच नाही, आणि खोके उघडले की आपली जबाबदारी संपते. म्हणजे आपल्या नियमाप्रमाणे कोणत्याही किटमधला कोणताही दोष आपल्याला कधीच भरून द्यावा लागणार नाही. माझी खरी तक्रार या नियमाबद्दल आहे. एखाद्या पिशवीत चुकीची फ्रेम जाणे मी समजू शकतो, माणसांच्या हातून चुका होतात.

आणि पुरावाच हवा असेल तर तो माझ्या टेबलावर आहे. त्या दोन्ही बी फ्रेम एकाच पिशवीत आहेत. ती पिशवी कारखान्यात गरम पट्टीने बंद केलेली आहे आणि मी ती आजपर्यंत फोडलेली नाही. अक्षरे पिशवीतूनच वाचता येतात. ही दुसरी बी फ्रेम मी आणणार कुठून? तिच्यासाठी मला असेच आणखी एक किट विकत घ्यावे लागले असते. हे मी आपल्या प्रतिनिधींना फोनवर दोनदा सांगितले. दोन्ही वेळा “नोंद घेतली आहे” एवढेच उत्तर मिळाले.

त्यानंतर आपण मला निर्मात्याला लिहायला सांगितले. मी लिहिले. त्यांनी भारतातल्या आयातदाराशी संपर्क साधा असे कळवले. खोक्यावरच्या स्टिकरवर आयातदार म्हणून आपलेच नाव छापलेले आहे.

३ सप्टेंबरच्या ईमेलमधली दोन वाक्ये मला फार लागली. एक, “हे १४ वर्षांवरील मुलांसाठीचे खेळणे असून किरकोळ दोषांनी त्याच्या वापरात बाधा येत नाही.” दुसरे, “अनुभवी ग्राहक असे भाग स्वतः तयार करून घेतात.” गेली २२ वर्षे मी मॉडेल करतो आहे. भाग तयार करणे मला नवे नाही. मेणबत्तीवर स्प्रू, म्हणजे फ्रेमच्या काडीचा तुकडा, तापवून ओढायचा आणि त्या तारेची अँटेना करायची, हे मी प्रत्येक विमानाला करतो. पण चाकांचे पाय म्हणजे अँटेना नव्हे. सी हॉकला नाकाखाली चाक आहे. नाकात वजन भरले नाही तर मॉडेल शेपटीवर बसते, म्हणून मासेमारीच्या दुकानातून आणलेले शिशाचे गोळे आत चिकटवावे लागतात. एवढे वजन आणि २५ सेंटिमीटर लांबीचे विमान त्या तीन पायांवर वर्षानुवर्षे उभे राहायचे असते. ते पाय मी अंदाजाने घडवावेत आणि त्यासाठी ५,२०० रुपये आपल्याला द्यावेत, हे कुठल्या हिशेबात बसते?

हे किट कुणासाठी आहे तेही लिहितो, कारण ‘खेळणे’ या शब्दाला मला उत्तर द्यायचे आहे. माझे मोठे काका १९७१ मध्ये आयएनएस विक्रांतवर एअर मेकॅनिक होते. ४ डिसेंबरला कॉक्स बाजारवर हल्ल्याला निघालेली सी हॉक त्यांच्या डोळ्यांसमोर डेकवरून उडाली. मुंबईला विक्रांत संग्रहालय म्हणून उभी होती तोवर ते आम्हा भावंडांना तिथे नेत आणि आपली उभे राहण्याची जागा पाय आपटून दाखवत. आता ते ८१ वर्षांचे आहेत. यंदाच्या नौदल दिनी त्यांना हे मॉडेल द्यायचे ठरवले आणि कसे करू म्हणून त्यांनाच विचारले. ते म्हणाले, “चाके खाली ठेव आणि कॅनॉपी मागे सरकवलेली. उडताना ते वैमानिकाचे असते रे, आमच्या हाताखाली असायचे ते असे.” जुलैत मी मुद्दाम गोव्याला जाऊन बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातल्या सी हॉकचे फोटो काढले. चाकांच्या खळग्यांचे, पंखांच्या मुळाशी दोन्ही अंगांना फुटणाऱ्या धुराड्यांचे, सरकत्या कॅनॉपीच्या रुळांचे. काकांनी मागितलेले नेमके तेच भाग आपल्या किटमध्ये नाहीत किंवा तडकलेले आहेत. कॅनॉपी उघडी ठेवायची तर आत सीट हवी, आणि सीट सी फ्रेमवर आहे.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते. आपल्याकडून दोन्ही झाले नाही. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हेही त्याच नियमांत आहे. संकेतस्थळावर स्वतः लिहिलेल्या अटीने तो नियम रद्द होत नाही. १० टक्के सवलतीचे जे कूपन आपण देऊ केलेत ते मी वापरलेले नाही व वापरणार नाही.

माझी मागणी अशी. सी फ्रेम, न तडकलेली कॅनॉपी आणि नीट छापलेली ताजी डिकल शीट मला १५ ऑक्टोबरपर्यंत मिळावी. सुटे भाग मिळत नसतील तर पूर्ण किट बदलून द्यावे, पण पाठवण्याआधी आपल्या माणसाने ते उघडून फ्रेम मोजाव्यात. त्याचे सील फोडलेले असल्याबद्दल माझी काहीही तक्रार राहणार नाही. दोन्ही शक्य नसेल तर ५,३५० रुपये परत करावेत. आणि कारखान्यातले दोष ‘सील उघडले’ या कारणाखाली नाकारले जाणार नाहीत, अशी दुरुस्ती आपल्या अटींमध्ये करून तसे मला लेखी कळवावे. हे मी फक्त माझ्यापुरते मागत नाही. पहिलेच किट हातात घेणाऱ्या शाळकरी पोराला असे खोके आणि असे उत्तर मिळाले, तर तो दुसरे किट घेणार नाही.

१५ ऑक्टोबर ही तारीख मी उगाच धरलेली नाही. पावसाळी दमट हवेत लॅकर फवारला की त्यावर दुधट झाक येते, म्हणून पुण्यात रंगाचे काम मी ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाल्यावरच काढतो. जोडणी, पुटी, घासणे, प्रायमर, वरचा गडद करडा, खालचा फिकट हिरवट रंग, मग ग्लॉसचा थर, त्यावर डिकल, शेवटी मॅट. प्रत्येक थर पुरता वाळू द्यायचा तर ४ डिसेंबरपर्यंत जेमतेम वेळ पुरतो.

मुदतीत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

किट मूळ खोक्यात बांधून ठेवले आहे. एकही भाग फ्रेमवरून कापलेला नाही. कुरिअरचा माणूस संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी केव्हाही पाठवावा. तपासणीसाठी आपला प्रतिनिधी घरी येणार असेल तरी चालेल, ती न फोडलेली पिशवी मी त्याच्या हातात देईन.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत: पावतीची प्रत, १४ फोटो, आपल्याशी व निर्मात्याशी झालेल्या ईमेलच्या प्रती.